कासेन्तीनोच्या जंगलातून सायकल: फ्लॉरेन्स ते चेसेनातिको, चार दिवस. ३४-३२ वर घाट निघतील का?

घाटवेडा | ४ ऑगस्ट

मंडळी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बायकोची फ्लॉरेन्सला कामाची परिषद आहे. तिच्या तिकिटाचं शेपूट धरून मीही चाललोय. "तू संग्रहालयात जांभया देत फिरणार, त्यापेक्षा सायकल चालव जा" हे वाक्य तिचंच आहे आणि ते मी व्हॉट्सअॅपवर लेखी घेऊन ठेवलंय.

चार दिवस मोकळे आहेत. च्यान्तीच्या द्राक्षमळ्यांतून सगळेच फिरतात, फोटोही सगळ्यांचे सारखेच असतात. मला जंगल पाहिजे. नकाशात फ्लॉरेन्सच्या पूर्वेला, टस्कनी आणि रोमान्या यांच्या मधल्या डोंगररांगेवर एक भलामोठा हिरवा डाग दिसतो. तेच कासेन्तीनो राष्ट्रीय उद्यान. बीच आणि फरची झाडं, मधूनच एखादा मठ, आणि वस्ती फारच थोडी. ही रांग ओलांडून पलीकडे एड्रियाटिकच्या काठावर चेसेनातिकोला उतरायचं, असा बेत आहे.

ओलांडायला तीन घाट दिसतात: मुराल्योने (९०७ मीटर), मान्द्रिओली (११७३) आणि काल्ला (१२९६). कुठला घ्यावा? स्वतःची सायकल पेटीत घालून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? माझ्या सायकलला पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ दातांच्या चकत्या आहेत, म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३४-३२. वय ५१, वजन ८३ किलो. आठवड्यातून एकदा सिंहगड, आणि दोनशे किलोमीटरच्या दोन बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) वेळेत पूर्ण केल्यात (दुसरी अकरा मिनिटं राखून, पण केली). आणखी एक, मी शाकाहारी आहे. अंडं चालतं.

पंक्चरवाला | ४ ऑगस्ट

३४-३२ पुरेल. ८३ पुरणार नाही.

घाटवेडा | ४ ऑगस्ट

पहिल्याच प्रतिसादात पोटावर पाय. चालू द्या.

अनुराधा_बोलोन्या | ४ ऑगस्ट

नऊ वर्षं बोलोन्यात राहते आणि या डोंगरात बऱ्याचदा गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुराल्योने रविवारी अजिबात नको. तो मोटरसायकलवाल्यांचा पंढरपूर आहे. वर एक लांब दगडी भिंत आहे, १८३६ साली रस्ता झाला तेव्हा घोडागाड्यांना वारा लागू नये म्हणून बांधलेली. त्यावरूनच घाटाला 'मोठी भिंत' हे नाव पडलं. आता त्या भिंतीला टेकून शंभरेक मोटरसायकली उभ्या असतात आणि प्रत्येकाला खाली उतरताना आपण शर्यतीत आहोत असं वाटतं. मंगळवारी गेलात तर सुंदर आहे.

मान्द्रिओली दिसायला सगळ्यात देखणा. वळणांशेजारी खडकांचे थर उघडे पडलेत, वाळूच्या दगडाचा एक पट्टा, मातीच्या दगडाचा एक पट्टा, असे शेकडो. बाकरवडी आडवी कापल्यासारखं दिसतं.

पण तुम्हाला जंगल हवंय ना? मग काल्ला. स्टिया गावातून (उंची साधारण साडेचारशे) खिंडीपर्यंत अंदाजे १६ किलोमीटर. सरासरी चढ पाच-साडेपाच टक्के. सिंहगड यापेक्षा उभा आहे, पण तो नऊ किलोमीटरमध्ये संपतो. इथे सिंहगडाची वेळ संपते तेव्हा निम्म्याच्या थोडं पुढे आलेले असता, आणि समोर काहीच दिसत नाही. झाडंच झाडं. वळण गेलं की झाडं. ज्यांना "अजून किती राहिलं" ते बघत चढायची सवय आहे, त्यांचा इथे जीव जातो.

निवांत | ५ ऑगस्ट

"समोर काहीच दिसत नाही" याला अगदी सहमत. मी २०१९ ला म्युनिकहून गेलो होतो. आल्प्समध्ये पुढची आठ वळणं डोक्यावर टांगलेली दिसतात आणि धडकी भरते. इथल्या आपेनाइन रांगेच्या जंगलात ती धडकी नसते, म्हणून माणूस सुरुवातीला जोरात जातो. मीही गेलो. बाराव्या किलोमीटरला पाय म्हणाले, साहेब, आम्ही येत नाही.

त्या जंगलाचा एक कोपरा, सास्सो फ्रातिनो, १९५९ पासून पूर्ण बंद आहे. इटलीतलं असं पहिलंच राखीव जंगल. माणसानं पाऊल टाकायचं नाही, पडलेलं झाड उचलायचं नाही. २०१७ साली तिथली बीचची झाडी युनेस्कोच्या यादीत आली. काल्लावरून उतरताना ते तुमच्या आसपासच असतं. कळत मात्र नाही, कारण बाकीचं जंगलही तितकंच गच्च.

चिंतू | ५ ऑगस्ट

देवराई म्हणा की सरळ.

निवांत | ५ ऑगस्ट

तसंच काहीसं, फक्त देवाऐवजी वनखातं. पण देव शेजारीच आहे. कामाल्दोलीचे मठवासी तिथे हजार वर्षांपासून आहेत आणि त्यांनी शतकानुशतकं फरची झाडं लावली, राखली, मोजून तोडली. काम्पिन्या बाजूची झाडं फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या मालकीची होती. तोडलेले ओंडके खाली आणून आर्नो नदीतून तरंगवत फ्लॉरेन्सला न्यायचे. आर्नो उगम पावते तीही इथेच, फाल्तेरोना डोंगरात.

सात_बारा | ५ ऑगस्ट

सायकल भाड्यानेच घ्या. पेटी, विमानाचं जास्तीचं भाडं, तिकडे ती पेटी कुठे ठेवायची, आणि तुम्ही जाणार एका गावातून आणि पोचणार दुसऱ्या समुद्राला. पेटी काय पाठीवर बांधणार?

मुळशीकर | ५ ऑगस्ट

असहमत. भाड्याची सायकल म्हणजे भाड्याची चप्पल. मी टस्कनीत एका दुकानातून घेतली होती, नाव सांगत नाही. खोगीराचा खांब घट्ट न करताच दिली. वीस किलोमीटरमध्ये मी हळूहळू एवढा बुटका झालो की गुडघे हनुवटीला लागायला आले. मला वाटत होतं थकलोय.

पंक्चरवाला | ५ ऑगस्ट

वीस किलोमीटर कळलं नाही??

मुळशीकर | ५ ऑगस्ट

निसर्ग बघत होतो.

अनुराधा_बोलोन्या | ५ ऑगस्ट

भाड्याचीच घ्या, फक्त आपलं खोगीर आणि पेडल घेऊन जा आणि दुकानातच सगळे नट तपासा. बहुतेक ठिकाणी मागे ३४ दातांची चकती मिळते, ती मागून घ्या. ३२ नेही चढाल, पण चौथ्या दिवशी त्या दोन दातांसाठी तुम्ही मला दुवा द्याल.

सायकल फ्लॉरेन्सला परत करायची असेल तर चेसेनातिकोहून प्रादेशिक रेल्वेने या. त्यात सायकलचं वेगळं तिकीट काढून ती तशीच चढवता येते. वेगवान गाड्यांत ती खोलून पिशवीत घालावी लागते, त्या फंदात पडू नका. आणि समजा पाय अगदीच गळाले, तर अरेझोहून बिब्बिएना, पोप्पीवरून स्टियापर्यंत छोटी रेल्वे आहे.

वांगीभात | ६ ऑगस्ट

मला सायकलीतलं कळत नाही, पण खाण्याचा प्रश्न आहे म्हणून आले. शाकाहारी माणसानं काय खायचं तिकडे?

अनुराधा_बोलोन्या | ६ ऑगस्ट

कासेन्तीनोत बटाटा भरलेले 'तोर्तेल्ली' मिळतात. उकडलेल्या बटाट्याचं सारण, वर मैद्याची पारी. आपल्या जिभेला लगेच ओळखीचं लागतं. पण वर मांसाचा रस घालून देतात, न सांगता. म्हणून आधीच "बुर्रो ए साल्व्या" म्हणायचं, म्हणजे लोणी आणि सेजची पानं. पावाची आणि पालेभाजीची 'रिबोल्लिता' असतेच. कॉन्सूमा घाटाच्या माथ्यावर भरलेली 'स्क्याच्चाता' मिळते, भाजी-चीज घालून मागा.

खरा सापळा डोंगर उतरल्यावर आहे. रोमान्यात 'प्यादिना' नावाची पोळी सगळीकडे असते, आत चीज आणि पालेभाजी. घाटवेडा, तुम्ही चार खाल आणि म्हणाल वा, घरची आठवण आली. पारंपरिक प्यादिनाच्या कणकेत डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलाचीही करतात, पण विचारावं लागतं.

चिंतू | ६ ऑगस्ट

हे वाचून माझे बाबा, जे २०१६ ला रिमिनीला सहा दिवस "फक्त पोळी खाऊन" राहिले होते, त्यांना हा धागा दाखवायचा की नाही या विचारात आहे.

वांगीभात | ६ ऑगस्ट

नका दाखवू. सुखी माणसाचा सदरा आहे तो.

शिलेदार | ६ ऑगस्ट

थोडं अवांतर, पण फ्लॉरेन्सला जाताय तर सांगतोच. सकाळी निघायच्या आधी काश्चिने बागेत जा, आर्नोच्या काठाने सायकलचा रस्ता आहे. पश्चिमेच्या टोकाला, मुन्योने ओढा आर्नोला मिळतो तिथे, एक घुमटी आहे. आत अर्धपुतळा. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. युरोपच्या प्रवासाहून परत निघाले असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दोन नद्यांच्या संगमावर अग्नी द्यायचा म्हणून ती जागा निवडली. जवळच्या मोठ्या पुलालासुद्धा 'इंदियानो' म्हणतात. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, कितीजणांना माहीत असेल कोण तो इंदियानो.

कोल्हापुरी_रांगडा | ६ ऑगस्ट

घाटवेडा, तिथं जाऊन आमच्या वतीनं मुजरा करा. सायकल बाजूला लावून.

माणगावकर | ७ ऑगस्ट

शिलेदारांनी दार उघडलंय तर मीही आत येतो. ला वेर्ना मठाच्या पुढे डोंगर उतरलात की तिबेर नदीचं वरचं खोरं लागतं. तिथेच १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढले. पूर्ण तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडली. हे एकटे धावत गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली आणि बंदूक भरायला वेळ नाही म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

ते आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, लहानपणापासून बघतोय, पण 'इटली' हा शब्द नकाशावर कधी नीट लावून पाहिला नव्हता. २०२३ च्या जुलैत मोन्तोने गावात त्यांच्या नावाने स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात. सान्सेपोल्क्रोत मुक्काम केलात तर एका दिवसात सायकलने जाऊन येता येईल. काल्लाच्या वाटेवर नाही, मला कल्पना आहे.

घाटवेडा | ७ ऑगस्ट

माणगावकर, हे अजिबात माहीत नव्हतं. चार दिवसांत बसेल की नाही सांगत नाही, पण नकाशावर खूण केली.

अनुराधाताई, तुमचे प्रतिसाद मी छापून घेतलेत. बायको म्हणते परिषदेपेक्षा तुझी तयारी जास्त आहे.

मोडी_लिपी | ७ ऑगस्ट

चेसेनातिकोला जाताय म्हणजे सायकलवीर पान्तानीच्या गावाला. तो जन्मला चेसेनात, वाढला चेसेनातिकोत. १९९८ ला एकाच वर्षात जिरो (इटलीची मोठी सायकल शर्यत) आणि तूर (फ्रान्सची) दोन्ही जिंकला. स्टेशनला लागून त्याचं संग्रहालय आहे. तो सरावाला कार्पेन्याच्या चढावर जायचा. साधारण सहा किलोमीटर, सरासरीच दहा टक्क्यांच्या आसपास. 'मला कार्पेन्या पुरे' असं म्हणायचा, म्हणजे सरावाला दुसरे डोंगर नकोत.

सात_बारा | ७ ऑगस्ट

पुरे कसा, सोबत औषधंही लागायची ना. १९९९ ला रक्तचाचणीत लाल पेशींचं प्रमाण जास्त आलं म्हणून जिंकत आलेल्या जिरोमधून बाहेर काढला होता.

मोडी_लिपी | ७ ऑगस्ट

त्या काळात पहिल्या दहातले किती स्वच्छ होते ते सांगा आधी. एकटा पान्तानीच का सुळावर? चौतिसाव्या वर्षी हॉटेलच्या खोलीत एकटा मेला माणूस.

सात_बारा | ७ ऑगस्ट

वाईट मेला म्हणून खरा जिंकला असं होत नाही.

मोडी_लिपी | ७ ऑगस्ट

आणि रक्त घट्ट होतं म्हणून चढ आपोआप संपतो असंही होत नाही. एकदा दहा टक्क्यांवर

कारभारी (संपादक) | ७ ऑगस्ट

या विषयावर इथे आधीच तीन धागे आहेत आणि तिन्हींना कुलूप आहे. चौथा नको. सायकल पुढे न्या.

पंक्चरवाला | ७ ऑगस्ट

मोडी_लिपींचं वाक्य चढावरच अडकलं. कोणीतरी ढकला.

निवांत | ८ ऑगस्ट

वादाशिवायचा सायकलवीर हवा असेल तर बार्ताली. फ्लॉरेन्सच्या वेशीवरच्या पोन्ते आ एमाचा. १९३८ ला तूर जिंकला आणि मध्ये युद्ध होऊन गेल्यावर १९४८ ला पुन्हा. त्या युद्धात सरावाच्या नावाखाली फ्लॉरेन्स-असिसी अशा खेपा मारायचा आणि सायकलच्या नळीत ज्यूंसाठीची बनावट कागदपत्रं लपवून न्यायचा, म्हणून २०१३ ला इस्रायलने त्याचा मरणोत्तर गौरव केला.

शिलेदार | ८ ऑगस्ट

वादाशिवायचा कसला, त्यावरही वाद आहे. काही इतालियन इतिहासकारांनी पुरावे अपुरे आहेत म्हटलंय. तो स्वतः हयातभर याबद्दल फारसं बोललाच नाही.

कारभारी (संपादक) | ८ ऑगस्ट

मी इथेच आहे.

टेकडी | ९ ऑगस्ट

विजेरी सायकल घ्यायला काय हरकत? मी ५८ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गेल्या वर्षी तशीच सायकल घेऊन कामाल्दोलीपर्यंत गेले. पेडल मारावंच लागतं. घाम येतो. वर मठवाशांचं जुनं औषधालय आहे, लाकडी कपाटं, बरण्या, काढ्याचा वास. तिथे बाकावर बसून मी अर्धा तास नुसती झाडांकडे बघत होते. मला कोणी विचारलं नाही, बाई बॅटरी किती टक्के वापरली.

मुळशीकर | ९ ऑगस्ट

टेकडीताई, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण धडधाकट माणसानं बॅटरी लावून घाट चढणं म्हणजे पालखीत बसून वारी.

टेकडी | ९ ऑगस्ट

पालखीत कोण बसतं ते आठवा जरा.

पंक्चरवाला | ९ ऑगस्ट

मुळशीकर शून्य, टेकडी एक. दंडवत घ्या ताई.

सायकलपंत | ११ ऑगस्ट

कोणी उताराबद्दल बोलत नाही म्हणून लिहितो. ऑक्टोबरात खरी काळजी चढाची नसून उताराची आहे. बीचची पानं गळायला लागलेली असतात. उन्हात ती कुरकुरीत, पण सावलीतल्या वळणावर दव पडून केळीच्या सालीसारखी. आतल्या बाजूला थर साचतो, तिथेच आपण सायकल झुकवतो. खाली चेस्टनटची काटेरी बोंडं रस्त्यावर पडलेली असतात, त्यावर चाक गेलं की गोटीवरून गेल्यासारखं सरकतं. वळणाच्या आधीच ब्रेक मारा, वळणात नाही. टायर २८ किंवा त्याहून रुंद, हवा थोडी कमी.

दुसरं, थंडी. वर घामाने भिजलेला माणूस १३०० मीटरवरून हजार मीटर खाली येतो, पाऊण तास नुसता वारा खात. विंडचीटर न्याच. जुने इतालियन लोक खिंडीत पोचले की वर्तमानपत्र जर्सीच्या आत छातीवर सरकवतात. ते गुलाबी क्रीडापत्र असतं ना, ज्याच्या कागदाच्या रंगावरून १९३१ पासून जिरोमध्ये आघाडीवरच्याला गुलाबी जर्सी देतात, तेच. कागद वारा अडवतो आणि घाम पितो.

तिसरं, शिकार. उद्यानात बंदी आहे, पण हद्दीबाहेर मोसमात रानडुकरांची शिकार चालते, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं रस्त्याकडेला उभी असतात. मंगळवारी आणि शुक्रवारी इटलीभर शिकारीला सुट्टी असते. जमलं तर बाहेरचा टप्पा त्या दिवशी ठेवा.

चौथं. 'स्त्रादा क्यूसा' म्हणजे रस्ता बंद. २०२३ च्या मे महिन्यात रोमान्यात पूर आला, हजारो दरडी कोसळल्या, आणि लहान रस्त्यांची दुरुस्ती लांबत गेली. पाटी दिसली तर "सायकल जाईल की" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. सात किलोमीटर उतरलो आणि पुढे रस्ताच दरीत गेलेला. सात किलोमीटर परत चढलो. वाटेत जी भाषा वापरली ती कारभारी छापू देणार नाहीत.

मोडी_लिपी | ११ ऑगस्ट

सायकलपंत, वाचनखूण साठवली. (आणि संपादकांस: वाक्य पूर्ण करत नाही, शपथ.)

निवांत | १२ ऑगस्ट

अवांतर: आपण बीआरएम बीआरएम करतो, पण त्यामागचा ऑडॅक्स प्रकार, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला गाठणं, मूळचा इटलीचा. १८९७ ला काही सायकलस्वार रोम ते नेपल्स एका दिवसाच्या उजेडात गेले, तिथून सुरुवात. फ्रेंचांनी नंतर उचललं.

पंक्चरवाला | १२ ऑगस्ट

अकरा मिनिटं राखून पोचले का तेही?

घाटवेडा | १९ ऑक्टोबर

मंडळी, परत आलो. धागा वर काढतोय कारण हिशोब द्यायचा आहे.

पहिल्या दिवशी सकाळी आधी काश्चिनेत गेलो. बागेच्या त्या टोकाला पळणारी दोन माणसं आणि एक कुत्रा, बाकी कोणी नाही. घुमटीत फेटा बांधलेला कोवळ्या चेहऱ्याचा पुतळा. सायकल बाजूला लावली, मुजरा केला. कोल्हापुरी_रांगडा, पोचला. पळणारा एकजण थांबून बघत होता. त्याला मराठीत काय सांगणार आणि इतालियनमध्ये काय सांगणार, म्हणून हात जोडले आणि निघालो.

त्या दिवशी कॉन्सूमा चढून स्टियाला मुक्काम. कॉन्सूमाला गाड्या होत्या, वर्णन करण्यासारखं काही नाही. स्क्याच्चाता खाल्ली, दोन. स्टियाच्या दुकानांत तिथलं लोकरी कापड बघितलं, भडक नारिंगी आणि हिरवं, वर लोकरीचे बारीक गुंडे. बायकोसाठी कोट घ्यावा म्हणून आत गेलो, किंमत बघितली, बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी कामाल्दोली करून परत स्टियाच.

तिसरा दिवस काल्ला. ताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच. खाली चेस्टनटची झाडं, घरांबाहेर जाळ्या पसरून लोक बोंडं गोळा करत होते. मग घरं संपली. हजारेक मीटरच्या आसपास झाडं बदलली ते आधी डोळ्याला नाही, कानाला कळलं. पानं पडलेला रस्ता, टायरखाली पापड मोडल्यासारखा आवाज, आणि तो आवाज सोडला तर काही नाही. बीचचे बुंधे राखाडी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखे. वरून पिवळा उजेड झिरपत होता. मी मोजायचं सोडून दिलं. खरं तर मीटरवरचा चढाचा आकडाच झाडांखाली येड्यासारखा नाचत होता, म्हणून स्क्रीन बंद केली. एवढा शहाणपणा अपघातानेच सुचतो.

तेराव्या किलोमीटरला उतरलो. पाय गेले नव्हते, एक आवाज आला म्हणून. डावीकडच्या दरीतून, म्हैस आणि जुनं दार यांच्या मधला काहीतरी. अंगावर काटा आला. मग पलीकडच्या उतारावरून त्याला उत्तर आलं. सांबराएवढे नर होते, हरणांचा माजाचा काळ चालू होता, हे संध्याकाळी मुक्कामाच्या मावशींनी हातवारे करून सांगितलं. त्या वेळी मला काही माहीत नव्हतं. रस्त्याच्या मधोमध सायकल धरून दहा मिनिटं उभा होतो. एकही गाडी आली नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर: मागे ३४ होती. बत्तीसवर मी वर पोचलो असतो. चौतीसवर पोचलो आणि वर बोलू शकत होतो. ताई, दुवा घ्या.

खिंडीत पोचल्यावर कळलं की विंडचीटर स्टियाला खुर्चीवर राहिलाय. सायकलपंत, त्या क्षणी तुमचाच धावा केला. वर एक म्हातारबाबा भेटले, सत्तरीचे तरी असतील, जुनी सायकल, गिअरचे खटके खालच्या नळीवर. त्यांच्या पिशवीतून गुलाबी टोक बाहेर दिसत होतं. मी छातीवर हात फिरवून थंडीचा अभिनय केला. त्यांनी पेपर काढला, नीट बघितला, आपण वाचत असलेली पानं वेगळी काढून स्वतःकडे ठेवली आणि उरलेली मला दिली. मी त्यांना चिक्की दिली. दातांकडे बोट दाखवून त्यांनी ती खिशात टाकली.

काम्पिन्यावरून सान्ता सोफियापर्यंत उतरलो, पानांवर जपून, वळणाआधी ब्रेक मारत. छाती खरंच गरम राहिली. चौथ्या दिवशी कार्नायो घाट आणि मग बार्बोत्तो. हा तो 'नोव्हे कोल्ली' या सायकल स्पर्धेतला कुप्रसिद्ध चढ, २०२४ च्या तूरचा फ्लॉरेन्स-रिमिनी पहिला टप्पाही इथूनच गेला होता. तिथे जंगल नाही, सावली नाही, शेवटचा किलोमीटर भिंत. सरळ सांगतो, उतरून ढकलली. चेसेनातिकोला पान्तानीच्या संग्रहालयात गेलो, मत राखून ठेवतो, कारभारी बघतायत. प्यादिना विचारून खाल्ली.

मोन्तोने जमलं नाही, माणगावकर. खूण तशीच आहे.

अनुराधा_बोलोन्या | १९ ऑक्टोबर

नऊ वर्षांत मी तो हरणांचा आवाज दोनदाच ऐकलाय, तोही गाडीच्या काचेतून. जळफळाट झाला.

माणगावकर | १९ ऑक्टोबर

खूण राहू द्या. मीच जातो म्हणतो, येत्या जुलैत. सायकल येत नाही, पण तो वेगळा धागा काढीन.

टेकडी | १९ ऑक्टोबर

बार्बोत्तो ढकलली म्हणे. बॅटरी घेऊन गेला असतात तर.

मुळशीकर | २० ऑक्टोबर

मी गप्प आहे.

घाटवेडा | २० ऑक्टोबर

एक राहिलं. पेपर घामाने भिजून पोटाला असा चिकटला की संध्याकाळी सोलून काढावा लागला, आणि शाई अंगावर उमटली, अख्खी बातमी उलट्या अक्षरांत. साबणाने जाईना. फ्लॉरेन्सला परत गेलो तेव्हा बायकोने मला आरशासमोर उभं करून वाचायचा प्रयत्न केला. '२-१' एवढं स्पष्ट होतं.

पंक्चरवाला | २० ऑक्टोबर

जिंकलं कोण पण?

घाटवेडा | २० ऑक्टोबर

ते घडीत गेलं.